कारंजा-सोहोळ अभयारण्य

कारंजा-सोहोळ अभयारण्य हे महाराष्ट्राच्या वाशीम जिल्ह्यातील, काळविटांसाठी राखलेले सुमारे १८.३२ चौ. किमी. क्षेत्रफळाचे अभयारण्य आहे. ते २००० साली घोषित झाले. काळवीट उघड्या माळरानावर कळपाने चरत असल्याने येथील गवताळ प्रदेशाचे संवर्धन महत्त्वाचे ठरते.

पर्यटन व दळणवळण

वाशीम जिल्ह्यातून प्रवासी विमानसेवा नाही. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजी एटीआर ७२ या छोट्या विमानाने मुंबई सेवा सुरू झाली. अमरावतीहून कारंजा आणि मेळघाट व्याघ्र प्रकल्प या दोन्ही ठिकाणी रस्त्याने जाता येते. समृद्धी महामार्ग अभयारण्याजवळून जातो. त्यामुळे पर्यटकांचा प्रवास सुकर झाला, मात्र वेगवान वाहतुकीने वन्यप्राण्यांच्या वाटा खंडित होतात; म्हणून या महामार्गावर त्यांच्यासाठी भुयारी व उन्नत मार्ग बांधले आहेत.