रणजी करंडक अंतिम सामना, १९९०-९१

रणजी करंडक स्पर्धेच्या १९९०-९१ हंगामाचा अंतिम सामना मुंबई आणि हरियाणा या संघांमध्ये ३ ते ७ मे १९९१ दरम्यान मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर खेळला गेला. हरियाणाने तो अवघ्या २ धावांनी जिंकून आपले पहिले रणजी विजेतेपद मिळवले. भारतीय देशांतर्गत क्रिकेटमधील सर्वाधिक चुरशीच्या सामन्यांत त्याची गणना होते.

पार्श्वभूमी

मुंबई हा स्पर्धेच्या इतिहासातील सर्वांत यशस्वी संघ असला, तरी १९८४-८५ नंतर त्याला करंडक जिंकता आला नव्हता. मुंबई क्रिकेट संघटनेचे कार्यक्षेत्र शहरापुरते मर्यादित नाही. ठाणे, कल्याण-डोंबिवली, बदलापूर आणि डहाणूपर्यंतचा पट्टा त्यात येत असल्याने हा संघ या भागाचेही प्रतिनिधित्व करतो. हरियाणाचे नेतृत्व कपिल देव याच्याकडे होते. हा संघ १९८५-८६ च्या अंतिम सामन्यात दिल्लीकडून पराभूत झाला होता.

पहिले डाव

हरियाणाने पहिल्या डावात ५२२ धावा केल्या. दीपक शर्माचे द्विशतक एका धावेने हुकले (१९९). चेतन शर्माने ९८ आणि अजय जडेजाने ९४ धावा केल्या. मुंबईने ४१० धावांपर्यंत मजल मारली. त्यात संजय पाटील (८५) आणि लालचंद राजपूत (७४) यांचा मोठा वाटा होता. हरियाणाला ११२ धावांची आघाडी मिळाली. सामना अनिर्णित राहिल्यास पहिल्या डावातील आघाडीवर विजेता ठरत असल्याने मुंबईला सामना जिंकणे अपरिहार्य झाले.

अखेरचा दिवस

हरियाणाचा दुसरा डाव २४२ धावांत संपला आणि मुंबईपुढे ३५५ धावांचे लक्ष्य आले. ३ बाद ३४ अशा स्थितीतून दिलीप वेंगसरकर आणि अठरा वर्षांचा सचिन तेंडुलकर यांनी चौथ्या गड्यासाठी १३४ धावा जोडल्या. तेंडुलकरने ७५ चेंडूंत ९६ धावा फटकावल्या. त्यानंतर विनोद कांबळीने ४५ धावा करून वेंगसरकरला साथ दिली. मात्र पुढील गडी झटपट बाद होत गेले आणि ३०५ धावांवर नववा गडी पडला.

विजयासाठी ५० धावा हव्या असताना अखेरचा फलंदाज अॅबी कुरुविला मैदानात आला. पायात गोळे आल्याने वेंगसरकरसाठी राजपूत रनर म्हणून धावत होता. या जोडीने ४७ धावा जोडल्या. विजय तीन धावांवर असताना कुरुविला धावबाद झाला आणि मुंबईचा डाव ३५२ धावांवर आटोपला. वेंगसरकर १३९ धावांवर नाबाद राहिला. पराभवानंतर त्याला मैदानावरच अश्रू आवरता आले नाहीत.

महत्त्व

दुसऱ्या डावात मुंबईने हरियाणापेक्षा ११० धावा अधिक केल्या, परंतु पहिल्या डावातील पिछाडी ११२ धावांची होती. शेवटचा धावबाद स्मरणात राहिला असला, तरी निकालातील दोन धावांच्या फरकाचे मूळ त्या पिछाडीत होते. हे हरियाणाचे आजवरचे एकमेव रणजी विजेतेपद आहे. मुंबईने पुढील विजेतेपद १९९३-९४ मध्ये मिळवले.

संक्षिप्त धावफलक

हरियाणा: ५२२ आणि २४२
मुंबई: ४१० आणि ३५२
निकाल: हरियाणा २ धावांनी विजयी