बाटली क्रमांक ५३-एन

मंडळी, परळला केईएममध्ये कुणाला बघायला जाताना आचार्य दोंदे मार्गावर हाफकिन संस्था लागते. आज त्या आवारातून गेलेल्या एका बाटलीबद्दल बोलायचं आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. वाल्देमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. हे गृहस्थ डॉक्टर नव्हते बरं का! प्राणिशास्त्राचे अभ्यासक, ओडेसाचे ज्यू. सरकारी वैद्यकीय खात्यातल्या गोऱ्या अधिकाऱ्यांत ते उपरेच. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावी १०७ जणांना लस टोचली. त्यांतल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि एकोणीसही दगावले. सगळ्यांची लस एकाच बाटलीतली होती. क्रमांक ५३-एन, परळहून आलेली.

चौकशी बसली. दोन गोष्टी समोर होत्या. लशीची मागणी प्रचंड, म्हणून हाफकिननी कार्बॉलिक ॲसिड घालण्याची जुनी रीत सोडून नुसत्या उष्णतेने लस निर्जंतुक करायला सुरुवात केली होती. आणि मुल्कोवालला बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. आयोगाने ठरवलं, दोष बाटली उघडण्याआधीचा, म्हणजे परळचा. हाफकिनचं पद गेलं.

आता आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांची खोड म्हणा, पण इथे मी अडतो. ‘याने नियम मोडला’ आणि ‘यानेच हे घडलं’ ही दोन वेगळी विधानं आहेत. पहिलं खरं होतं. दुसरं सिद्ध व्हायचं होतं. पण नियम मोडणारा सापडला की पुढचा शोध थंडावतो. त्यातून तो उपरा असेल तर विचारूच नका. आजही वॉर्डात काही विपरीत घडलं की पहिला प्रश्न ‘ड्यूटीवर कोण होतं?’ हाच असतो. मग तो रेसिडेंट चूक सांगेल की लपवेल?

हेही म्हणायला हवं, की घाईची जोखीम हाफकिननी पत्करली होती, आणि टोचून घेणाऱ्या गावकऱ्यांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. हा प्रश्न माझ्या मते निर्दोष ठरल्यानेही मिटत नाही.

निर्दोष ते ठरले, पण १९०७ साली. रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहिलं, तेव्हा कुठे सरकार हललं. हाफकिन परत आले ते कलकत्त्याला. लस तयार करण्याचं काम त्यांना पुन्हा मिळालं नाही. परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव दिलं गेलं १९२५ मध्ये. तोवर निवृत्त होऊन ते युरोपात परतले होते.