उंबरठ्याखालचा प्रवाह



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी विज्ञान शिकवीत. मी जन्मभर मराठी शिकवली. तेव्हा आजचा विषय माझ्यासारख्याने निवडावा हे धाडसच होय. त्याचे कारण माझ्या उजव्या कानात आहे. तेथील श्रवणयंत्र सदऱ्याच्या बटणाहून लहान अशा सेलवर कित्येक दिवस चालते. इतक्या अल्प विजेवर आवाज मोठा करणारा प्रवर्धक चालतो कसा, याचा शोध घेताना मी एका घड्याळाच्या इतिहासापाशी पोहोचलो.

स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल येथे १९६२ साली तेथील घड्याळ-उद्योगाने एक इलेक्ट्रॉनिक संशोधनकेंद्र स्थापन केले. क्वार्ट्झ स्फटिकाच्या कंपनांवर चालणाऱ्या मनगटी घड्याळाचा पहिला नमुना त्याने १९६७ मध्ये सिद्ध केला. खरी अडचण होती ती विजेच्या हिशोबाची. एक मायक्रोॲम्पिअर, म्हणजे ॲम्पिअरचा दहा लाखावा भाग, वर्षभर अखंड खर्चला तर सुमारे ८.८ मिलिॲम्पिअर-तास होतात. दहा खर्चले तर ८८. मनगटी घड्याळात मावणाऱ्या सेलची शिदोरी साधारण एवढीच! स्फटिकाला कंपत ठेवणारा प्रवर्धक आणि ती कंपने मोजून सेकंद पाडणारे मंडल, या सर्वांनी एवढ्यात भागवायचे.

मॉस ट्रान्झिस्टरला एक ठरावीक विद्युत्‌दाब द्यावा लागतो. त्याला आपण उंबरठा म्हणू. त्याखाली ट्रान्झिस्टर 'बंद' असतो, असे पाठ्यपुस्तक सांगे. वस्तुतः तेथेही प्रवाह झिरपत असतो. बहुतेक अभियंत्यांच्या लेखी ती गळती होती. न्यूशातेलच्या केंद्रातील एरिक व्हिटोझ आणि जाँ फेलरात यांनी मात्र या गळतीतच मंडले उभी केली. १९७७ साली त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. उंबरठ्याखाली दाब थोडा वाढवला की प्रवाह घातांकाने वाढतो: शंभरएक मिलिव्होल्टच्या आतच दसपट. त्यामुळे खर्चलेल्या प्रत्येक मायक्रोॲम्पिअरमागे मिळणारे प्रवर्धन येथे सर्वाधिक असते. याची किंमतही मोजावी लागते. मंडल मंदगती होते, आणि जोडीच्या दोन ट्रान्झिस्टरांतील किंचित फरक प्रवाहात मोठा होऊन दिसतो. परंतु घड्याळाला वा कानाला घाई कुठे असते? श्रवणयंत्रांच्या आणि हृदयाला ठोके देणाऱ्या पेसमेकरच्या मंडलांत ही रीत त्यामुळेच उपयोगी पडली.

आता या कथेतील बोचरा भाग. पहिला नमुना स्विस लोकांचा. पण बाजारात पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ आणले जपानच्या सेइको कंपनीने, २५ डिसेंबर १९६९ रोजी. पुढील दीड दशकात स्विस घड्याळ-उद्योगातील कामगार सुमारे नव्वद हजारांवरून तीसएक हजारांवर आले. इतिहासाची पुस्तके ही शर्यत रंगवून सांगतात आणि तेथेच थांबतात. मला हे अपुरे वाटते. ज्या उद्योगासाठी हे संशोधन झाले तो खचला, तरी संशोधन खचले नाही. १९८४ मध्ये ते केंद्र एका नव्या राष्ट्रीय संस्थेत विलीन झाले. कार्व्हर मीड यांनी अमेरिकेत १९८९ साली याच उंबरठ्याखालच्या प्रवाहावर डोळ्याच्या पडद्याचे आणि कानाचे अनुकरण करणाऱ्या मंडलांचा ग्रंथ लिहिला. १९९५ मध्ये एन्झ, क्रुमेनाखर आणि व्हिटोझ यांनी उंबरठ्याच्या खालचा आणि वरचा प्रदेश एकाच गणिती सूत्रात बांधला. 'बंद' आणि 'चालू' यांच्यामधली जुनी भिंत त्या सूत्रात उरली नाही.