पीसी गेमिंग

पीसी गेमिंग म्हणजे वैयक्तिक संगणकावर व्हिडिओ गेम खेळणे होय. कन्सोल व मोबाइल यांचा प्रसार झाला असला, तरी खेळण्याचे आणि विशेषतः गेमनिर्मितीचे साधन म्हणून संगणकाचे महत्त्व टिकून आहे.

स्वरूप

मोबाइल हाताशी असल्याने भारतातील बहुसंख्य खेळाडू त्यावरच खेळतात. कन्सोलवर काय प्रकाशित व्हावे, हे त्याची उत्पादक कंपनी ठरवते. संगणकाचा खर्च अधिक असला, तरी त्यातील ग्राफिक्स कार्ड, रॅम इत्यादी भाग बदलता येतात आणि अनेक गेममध्ये खेळाडूंना स्वतः फेरबदल करता येतात. २००३ साली सुरू झालेल्या 'स्टीम'सारख्या विक्रीमंचांवर लहान निर्मातेही आपले गेम थेट विकू शकतात.

महाराष्ट्रातील उदाहरण

पुण्यातील 'नॉडिंग हेड्स गेम्स'चा 'राजी: ॲन एन्शंट एपिक' हा गेम भारतीय पुराणकथांवर आधारलेला आहे. २०१७ मधील लोकवर्गणीची मोहीम अयशस्वी होऊनही त्याचे काम थांबले नाही. ऑगस्ट २०२० मध्ये तो प्रथम निन्टेन्डो स्विच या कन्सोलवर आणि ऑक्टोबरमध्ये संगणकासह इतर कन्सोलवर आला. त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये सर्वोत्कृष्ट पदार्पणासाठी त्याला नामांकन मिळाले. हा गेम ज्या 'अनरियल इंजिन'मध्ये घडला, ते संगणकावरच चालवावे लागते. त्यामुळे गेम कोणत्याही उपकरणासाठी असला, तरी निर्मिती शिकू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यास संगणक आवश्यक ठरतो.