मालडब्याचं साल कसं ओळखायचं

आजचा विषय ऐकून काहींना हसू येईल. अमेरिकेतल्या हौशी लोकांनी जमवलेले, बनवलेले रेल्वेचे छोटे मालडबे. इंजिनं नव्हेत, मालडबे. आपल्याकडे वॅगनला वाघीण म्हणतात, पण या वाघिणीकडे कोणी वळूनसुद्धा बघत नाही. फाटकापाशी थांबलो की आपण डबे मोजतो, पाहत नाही. त्या छंदातही पुष्कळ वर्षं तसंच चाललं होतं. इंजिनावर जीव टाकायचा, आणि मागे काय जोडलंय ते कसंही असो.

मला आज एवढंच दाखवायचंय की या लोकांच्या बोलण्यातला 'हुबेहूब' हा शब्द हळूहळू कसा बदलला. आधी त्याचा अर्थ होता, डब्यासारखा दिसणारा डबा. पुढे अर्थ झाला, अमुक कंपनीचा, अमुक सालचा डबा.

थोडी पार्श्वभूमी. १९३४ च्या जानेवारीत मिल्वॉकी शहरात अल काल्मबाख यांनी 'मॉडेल रेलरोडर' हे मासिक सुरू केलं. पुढच्याच वर्षी त्याच शहरात छांदिष्टांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. हळूहळू एचओ हे माप सर्वांत लोकप्रिय झालं. एचओ म्हणजे मूळ वस्तूच्या सत्त्याऐंशीवा भाग. पुण्यात कोथरूडला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय ज्यांनी पाहिलंय, त्यांना या आकाराची कल्पना येईल. चाळीस फुटी मालडबा या मापात साधारण १४ सेंटिमीटरचा होतो, तळहातावर मावतो. खऱ्या डब्याच्या शिडीची पाऊण इंची सळई पाव मिलिमीटरपेक्षाही बारीक होते. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पन्नासच्या दशकात प्लास्टिक आलं. कॅलिफोर्नियातले अर्व्हिन अॅथर्न यांचे निळ्या खोक्यातले संच घराघरांत गेले. स्वस्त, मजबूत, एका संध्याकाळी जोडून होणारे. विनोदाने म्हणत की खोकं जोरात हलवलं की डबा तयार. या डब्यांना नावं ठेवायची फॅशन आहे, मला ती पटत नाही. शाळकरी पोराच्या खिशाला परवडेल असं ते होतं, आणि त्याशिवाय हा छंद एवढा पसरला नसता. पण शिडीच्या सळया भिंतीलाच चिकटलेल्या, नुसत्या उंचवट्यासारख्या. दारं धरून ठेवणारे आकडे अंगठ्याएवढे जाड. आणि मुख्य अडचण वेगळीच. प्लास्टिकसाठी पोलादी साचा लागतो, तो फार महाग. तो खर्च भरून काढायचा तर एकच डबा हजारोंनी विकला पाहिजे. मग एकाच साच्यातला डबा डझनावारी कंपन्यांच्या रंगांत रंगवायचा. त्यातल्या कित्येक कंपन्यांकडे तसा डबा कधी नव्हताच.

सगळ्यात गमतीचं उदाहरण जाहिरातींच्या डब्यांचं. वीस आणि तीसच्या दशकांत बर्फाच्या शीतडब्यांवर मांस, चीज, पुढे बिअर यांच्या भल्यामोठ्या रंगीत जाहिराती असत. डबे भाड्याने घेतलेले, नाव व्यापाऱ्याचं. इतर व्यापारी चिडले. आमचा माल आमच्याच प्रतिस्पर्ध्याच्या जाहिरातीत बसून का जावा? शिवाय त्या भाड्याच्या करारांत छुपी सवलत दडलेली होती. १९३४ मध्ये आंतरराज्य वाणिज्य आयोगाने याविरुद्ध निकाल दिला आणि त्या दशकातच हे डबे रुळांवरून दिसेनासे झाले. आता बघा, दारूबंदी उठली १९३३ च्या डिसेंबरात. म्हणजे बिअरच्या जाहिरातींना जेमतेम काही वर्षं मिळाली. पण डबे इतके देखणे की मॉडेलवाल्यांनी ते कायम बनवले, आणि लोकांनी पन्नासच्या दशकातल्या डिझेल इंजिनांमागे आनंदाने जोडले.

मग साल ओळखायचं कसं? डबा उलटा करा. खरंच, या लोकांची हीच सवय आहे. खाली ब्रेकची यंत्रणा दिसते. जुन्या 'के' पद्धतीत सिलिंडर, हवेची टाकी आणि झडप बहुधा एकाच गठ्ठ्यात असत. १९३३ पासून नव्या डब्यांना 'एबी' पद्धत आली, तिच्यात हे तीन भाग वेगवेगळे लटकतात. दुसऱ्या कंपन्यांच्या मार्गांवर जाणाऱ्या डब्यांना 'के' चालायची ती १९५३ पर्यंत. म्हणजे १९६० ची गाडी मांडली आणि खाली एकच गठ्ठा निघाला, तर ते चूक.

आता टपाकडे या. जुन्या डब्याच्या टपावर मधोमध लांब फळी असते. ती कशाला? एके काळी ब्रेकमन चालत्या गाडीच्या टपावरून, पावसात, बर्फात, एका डब्यावरून दुसऱ्यावर जायचे आणि हाताने चाक फिरवून ब्रेक लावायचे. पुष्कळ माणसं पडून मेली. डबे जोडताना बोटं जाणं तर इतकं नेहमीचं होतं की थोट्या हातावरून माणूस रेल्वेतला हे कळायचं. १८९३ च्या कायद्याने हवेचे ब्रेक आणि आपोआप जुळणारे कपलर सक्तीचे केले. तरी टपावरची फळी राहिलीच. नव्या डब्यांवरून ती गेली १९६६ पासून, कायद्यापासून सत्तरेक वर्षांनी. १४ सेंटिमीटरच्या प्लास्टिकवर ती पट्टी आहे की नाही, या प्रश्नामागे एवढं सगळं आहे. अशा लोकांना 'रिव्हेट मोजणारे' म्हणून चिडवतात. नुसत्या रिव्हेटची संख्या मलाही कंटाळवाणी वाटते. पण फळी, शिडी आणि ब्रेकचं चाक यांच्याबाबतीत मी मोजणाऱ्यांच्या बाजूचा आहे.

बदल घडला तो दोन गोष्टींमुळे. एक, कागद. डबे बांधणाऱ्यांचा जाडजूड कोश १८७९ पासून निघत होता. १९७० च्या दशकात त्याची पानं स्वस्तात पुन्हा छापली गेली आणि खरे आराखडे हौशी माणसाच्या टेबलावर आले. दुसरी गोष्ट रेझिन. ऐंशीच्या दशकात काही जण घरगुती कारखान्यात रबराच्या साच्यात रेझिन ओतून संच बनवू लागले. रबराचा साचा लवकर झिजतो, पण बनवायला स्वस्त. म्हणून एखाद्या कंपनीचा एकाच तऱ्हेचा डबा दोनचारशे लोकांसाठी काढणंही परवडू लागलं. त्यात शिडीची एकेक सळई भोक पाडून, बारीक तार वाकवून बसवायची. मघाचा पाव मिलिमीटर तो हाच. पुढे नव्वदच्या दशकात प्लास्टिकवाल्यांनाही तसं करावं लागलं. केडी कंपनीचा पीएस-१ डबा आला तेव्हा कारखान्यातून तयार निघालेल्या डब्यावरही शिड्या, पायऱ्या सुट्या आणि नाजूक होत्या.

शेवटचा मुद्दा मला स्वतःला सर्वांत आवडतो. डबा बरोबर झाला, पण गाडीत कोणाचे डबे किती? तिकडे शंभराहून अधिक मोठ्या खासगी कंपन्या, आणि बंद डबे देशभर फिरणारे. कॅलिफोर्नियाचा डबा व्हरमाँटमध्ये दिसायचा. कंपन्यांनी याची नोंद जपून ठेवायचं कारण नव्हतं. पण गाडीचे कंडक्टर वहीत प्रत्येक डब्याचा नंबर लिहीत. त्या वह्या कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या रद्दीत उरल्या होत्या. हौशी लोकांनी त्या मिळवल्या आणि हजारो नंबर मोजले. त्यातून निघालेला ठोकताळा त्यांच्यात गिल्बर्ट आणि नेल्सन या दोघांच्या नावाने ओळखला जातो. स्वतःच्या कंपनीचे डबे वगळले, तर परक्या बंद डब्यांचं प्रमाण साधारण देशातल्या एकूण डब्यांतल्या त्या त्या कंपनीच्या वाट्याइतकंच येतं.

म्हणजे १९५० च्या सुमाराची गाडी मांडायची, तर पेन्सिल्वेनिया आणि न्यूयॉर्क सेंट्रल या दोन बड्या कंपन्यांचे तेच ते तपकिरी डबे पुन्हा पुन्हा घ्यावे लागतात. आणि दूरच्या छोट्या कंपनीचा तो सुंदर पिवळा डबा, ज्याच्यासाठी माणूस दुकानात गेला होता, तो चाळीस डब्यांच्या गाडीत बहुतेक दिवशी बसतच नाही. पुष्कळ जण तरीही तो जोडतात.