ज्यांची समाधी समुद्र

आमच्या सीताबर्डीच्या किल्ल्यावर १८१७ च्या लढाईत कामी आलेल्यांच्या कबरी आहेत. रणभूमीवर पडलेल्याला निदान साडेतीन हात जमीन लाभते. समुद्रात बुडालेल्याला तेवढीही नाही. त्याचे कोठेतरी नोंदलेले नाव हीच त्याची समाधी. म्हणून मुंबईत मशीद बंदर भागातील भारतीय खलाशीगृहातल्या स्मारकाचा परिचय, समुद्रापासून दूर राहणाऱ्या आपल्या ज्ञातिबांधवांस करून द्यावा, असे आम्हांस वाटते.

पहिल्या महायुद्धात (१९१४-१८) समुद्रार्पण झालेल्या दोन हजारांहून अधिक नाविकांचे हे स्मारक. दुसऱ्या महायुद्धातील (१९३९-४५) सहा हजारांहून अधिक नावे एका स्मृतिग्रंथात असून, त्याची एक प्रत मुंबईस व दुसरी चितगावास ठेवण्यात आली. त्यांतील बहुतेक आरमारी सैनिक नव्हेत. धान्य, कोळसा, दारूगोळा आणि उतारू वाहणाऱ्या व्यापारी आगबोटींवरचे ते खलाशी होत.

रत्नागिरीकडील कोकणी मुसलमान, सिल्हेटकडील बंगाली आणि गोव्याचे ख्रिस्ती यांचा त्यांत मोठा भरणा होता. सरंगाच्या हुकमतीखाली खलाशी वर डेकवर राबत. आगवाले तळाशी भट्टीत कोळसा लोटीत. गोव्याचे तारवटी स्वयंपाक व वाढप सांभाळीत आणि दोन सफरींमधील दिवस मुंबईत धोबीतलावच्या कुडांत काढीत. पाणबुडीचा टॉर्पेडो बोटीचा तळच फोडी. यंत्रघरातील आगवाल्यास वर येण्याइतकी उसंत कोठून मिळणार? वेतन मात्र गोऱ्या खलाशाच्या तुलनेत अगदीच तुटपुंजे! १९३९ साली वेतनवाढीसाठी यांनी इंग्लंडच्या बंदरांत संप केले आणि कित्येकांनी तुरुंगवासही पत्करला.

१९४२ च्या जानेवारीत सिंदिया कंपनीच्या ‘जलराजन’ व ‘जलतरंग’ या बोटी जपानी पाणबुड्यांनी बुडविल्या. त्याच वर्षी मुंबईहून आफ्रिकेस निघालेली ‘टिलावा’ ही बोट २३ नोव्हेंबरला बुडविली गेली आणि २८० माणसे दगावली.

हे युद्ध हिंदुस्थानला विचारून पुकारलेले नव्हते, हे खरे. त्यामुळे या खलाशांना ना साम्राज्याच्या विजयोत्सवात मानाचे पान मिळाले, ना स्वातंत्र्याच्या इतिहासात. पण पोटासाठी समुद्रावर गेलेला आणि धोका ठाऊक असूनही पुन्हा बोटीवर चढलेला माणूस कर्तव्यनिष्ठेत कोणाहून उणा ठरतो?

ज्ञातीतील कोणा कुटुंबाचे वाडवडील अशा बोटींवर नोकरीस असतील, तर त्यांची नावे, बोटी आणि वर्षे आताच लिहून ठेवावीत, ही वाचकांस विनंती. मागे नाव राहणे, एवढेच काय ते या मंडळींचे आपल्यावरील मागणे.