पेन्शनीतला पेशवा : ब्रह्मावर्तातली ३३ वर्षे

१/ दुसऱ्या बाजीरावाचा इतिहास आपण बहुधा १८१८ साली संपवतो. खडकी, कोरेगाव, अष्टी, मग शरणागती आणि पुस्तक बंद. पण शरण आला तेव्हा बाजीरावाचे वय अवघे ४३ होते, आणि त्यानंतर तो आणखी जवळजवळ ३३ वर्षे जगला. म्हणजे पेशवेपदावर काढलेल्या काळापेक्षा त्याचा निवृत्तीचा काळ मोठा. एवढ्या दीर्घ काळात या माणसाने आपला वेळ आणि पैसा कशात घालवला? या धाग्यात त्याचाच मागोवा घेऊ.

२/ आधी करार. ३ जून १८१८ रोजी बाजीराव अशीरगडाच्या परिसरात सर जॉन माल्कमच्या स्वाधीन झाला. अटी मोजक्याच होत्या : पुण्याच्या गादीवरचा हक्क कायमचा सोडायचा, दख्खनेत परत यायचे नाही आणि उत्तरेतील एखाद्या तीर्थक्षेत्री राहायचे. त्याच्या बदल्यात स्वतःच्या व कुटुंबाच्या निर्वाहासाठी दरसाल किमान ८ लाख रुपये. यातले ‘व कुटुंबाच्या’ हे दोन शब्द ध्यानात ठेवा. पुढे सारा वाद त्यांच्यावरच होणार आहे.

३/ ही रक्कम गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जला अवास्तव वाटली. माल्कमचा हिशेब वेगळा होता. अशीरगडासारखा किल्ला अजून इंग्रजांच्या हाती आला नव्हता आणि पावसाळा तोंडावर होता. बाजीराव मोकळा राहिला असता तर युद्ध रेंगाळले असते आणि त्याचा खर्च ८ लाखांच्या कितीतरी पुढे गेला असता. शिवाय दिलेला शब्द फिरवणे कंपनीला परवडणारे नव्हते. करार कायम राहिला.

४/ राज्य सोडून नेमणूक घेण्याचा हा पेशवे घराण्यातला पहिला प्रसंग नव्हे. रघुनाथरावाचा दत्तकपुत्र अमृतराव याने १८०३ सालीच इंग्रजांशी करार करून दरसाल ७ लाखांची नेमणूक पत्करली होती आणि तो उत्तरेत स्थायिक झाला होता. बाजीरावाचा धाकटा भाऊ चिमाजीआप्पा हाही काशीला जाऊन राहिला. उत्तरेतल्या तीर्थक्षेत्री अशी एक ‘निवृत्त पेशवाई’च वसत चालली होती.

५/ बाजीरावाच्या वाट्याला आले ब्रह्मावर्त, म्हणजे कानपूरजवळचे बिठूर. जागा त्याला मानवणारी होती : गंगेचा काठ आणि तीर्थाचा महिमा. कंपनीलाही ती सोयीची होती, कारण कानपूरला इंग्रजांची मोठी छावणी होती. देव आणि पहारा दोन्ही हाकेच्या अंतरावर.

६/ पहारा म्हणजे काय? बाजीरावावर देखरेख ठेवण्यासाठी कंपनीने बिठूरला एक कमिशनर नेमला होता. कोण येते, कोण जाते, पत्रे कोणाला लिहिली जातात, यावर त्याची नजर असे. यात्रेला जायचे तरी परवानगी लागे. दुसरीकडे बिठूरची जहागीर बाजीरावाकडे होती आणि सामान्य न्यायालयांच्या अधिकारातून त्याला सूटही मिळाली होती. नाव महाराजांचे, वावर नजरकैद्याचा, असे ते विचित्र आयुष्य होते.

७/ आता खर्च. त्याचा मोठा वाटा धर्मकृत्यांत आणि आश्रितांच्या पोषणात गेला. घाट, देवळे, वाडे, अनुष्ठाने, ब्राह्मणभोजने, दक्षिणा. ब्रह्मावर्तात आल्यावरही बाजीरावाने आणखी लग्ने केली. मुलगा व्हावा ही आस त्यामागे होती; पण एकही मुलगा जगला नाही. अखेर १८२७ साली त्याने वेणगावच्या माधवराव नारायण भट यांचा मुलगा दत्तक घेतला. तोच नानासाहेब.

८/ हा खर्च केवळ हौसेचा होता, असे मानले तर आपण त्यामागचे अर्थकारण चुकवू. पेशवाईत पुण्याला श्रावणमासी दक्षिणा वाटली जाई आणि देशभरातले विद्वान तिथे जमत. राज्य गेल्यावर एल्फिन्स्टनने तो खर्च आखडता घेतला. १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली तीही दक्षिणेच्याच पैशातून. शास्त्री, पुराणिक, आचारी, कारकून, शिलेदार अशा कित्येकांचा आधार सुटला होता. त्यांतल्या बऱ्याच जणांनी बिठूरची वाट धरली.

९/ येवल्याचे पांडुरंगराव टोपे असेच पेशव्यांच्या मागोमाग बिठूरला गेले. त्यांचा मुलगा तात्या टोपे. मोरोपंत तांबे काशीला चिमाजीआप्पाच्या पदरी होते. धन्याच्या निधनानंतर तेही बिठूरला आले. त्यांची मुलगी मनकर्णिका पुढे झाशीची राणी लक्ष्मीबाई झाली. नाना, तात्या आणि मनू एकाच गावात वाढले, कारण त्यांच्या वडीलधाऱ्यांची पोटे एकाच पेन्शनीवर अवलंबून होती.

१०/ थोडा हिशेब करू. दरसाल ८ लाख धरले तर ३३ वर्षांत बाजीरावाला सुमारे २ कोटी ६० लाख रुपये मिळाले. मृत्यूनंतर मागे काय उरले? त्या वेळच्या इंग्रज नोंदींत सुमारे १६ लाखांचे कंपनी सरकारचे रोखे, १० लाखांचे जडजवाहीर, ३ लाखांची सोन्याची नाणी आणि लाखभराचे सोन्याचांदीचे दागिने व भांडी, असा तपशील येतो. म्हणजे एकंदर ३० लाख. मिळालेल्या दर नऊ रुपयांतले आठ खर्ची पडले आणि एक उरला, असे ढोबळमानाने म्हणता येईल.

११/ उरलेल्या पैशाची गुंतवणूकही पाहा. निम्म्याहून अधिक रक्कम कंपनीच्याच कर्जरोख्यांत! अफगाण युद्धाच्या वेळी कंपनीची तिजोरी आटली, तेव्हा बाजीरावाने तिला ५ लाख रुपये कर्जाऊ दिले. शिखांशी युद्ध जुंपले, तेव्हा स्वतःच्या खर्चाने हजार स्वार आणि हजार पायदळ उभे करून देण्याची तयारी दाखवली. ज्या सत्तेने राज्य घेतले, तिच्या भरभराटीतच आता त्याचे हित अडकले होते. पेन्शनीचा खरा राजकीय उपयोग हाच होता : शत्रूला आपल्या तिजोरीचा भागीदार करून घेणे.

१२/ बाजीरावाला एक चिंता मात्र होती : आपल्यामागे या पसाऱ्याचे काय? १८३९ साली त्याने मृत्युपत्र करून नानासाहेबाला आपला वारस ठरवले. नेमणूक पुढे चालू राहील का, याचा निश्चित शब्द कंपनीकडून शेवटपर्यंत मिळाला नाही. जानेवारी १८५१ मध्ये बाजीराव वारला.

१३/ मग ते दोन शब्द पुढे आले. नानासाहेबाचे म्हणणे असे की, करार ‘स्वतःच्या व कुटुंबाच्या’ निर्वाहासाठी होता. नेमणूक राज्याच्या मोबदल्यात दिलेली. राज्य कायमचे गेले, तर मोबदला एका माणसाच्या श्वासाबरोबर कसा संपतो? बाजीरावाने काटकसर करून काही शिल्लक टाकली असेल, तर तो त्याचा खाजगी प्रश्न. शिल्लक उरली म्हणून देणे बुडत नाही.

१४/ गव्हर्नर जनरल डलहौसीचे उत्तर असे की, नेमणूक बाजीरावाच्या हयातीपुरती होती. ३३ वर्षांत अडीच कोटींहून अधिक रक्कम मिळाली आहे, वारसापाशी पुरेशी संपत्ती आहे, सबब काही देणे लागत नाही. बिठूरची जहागीर तेवढी नानासाहेबाकडे राहू दिली, तीही जुन्या न्यायविषयक सवलतींशिवाय. नानासाहेबाने अजीमुल्लाखानाला लंडनला पाठवले. तिथेही दाद लागली नाही.

१५/ या निर्णयाचा फटका एकट्या नानासाहेबाला बसला नाही. दरसालचे ८ लाख थांबले, पण त्यांच्यावर जगणारी माणसे तिथेच होती : बाजीरावाच्या विधवा, वृद्ध सेवक, पुण्याहून आलेल्यांची दुसरी पिढी. त्यांना परत जायला पुण्यात आता काहीच उरले नव्हते. डलहौसीच्या हिशेबात वारस एकच होता. प्रत्यक्षात ते एक अख्खे गाव होते.

१६/ इथे एक सावधगिरी हवी. ‘पेन्शन बंद झाली म्हणून नानासाहेब १८५७ च्या उठावात उतरला’ हे एका ओळीचे उत्तर सोपे आहे, पुरेसे नाही. कानपूरच्या शिपायांची स्वतःची कारणे होती, अवधची स्वतःची होती. पण शिपाई उठले, तेव्हा जवळच बिठूरमध्ये पेशवेपदाचा वारस होता, जुनी निष्ठा असलेली माणसे होती आणि ताजा अन्यायही होता. हे तिन्ही एकत्र टिकून राहिले ते त्या ३३ वर्षांच्या खर्चामुळे.

१७/ बिठूरचा शेवट १८५७ मध्येच झाला. जुलैत हॅवलॉकच्या फौजेने वाडा जाळला. डिसेंबरमध्ये होप ग्रँटच्या सैनिकांनी तिथल्या विहिरीचे पाणी कित्येक दिवस उपसले आणि तळातून सोन्याचांदीची भांडी व पैसा बाहेर काढला. बाजीरावाने मागे ठेवलेल्या नवव्या रुपयातला काही हिस्सा असा इंग्रजांच्याच हाती परत गेला.

१८/ मग बाजीरावाच्या निवृत्तीकडे पाहायचे कसे? ‘पळपुटा’ म्हणून हसणे सोपे आहे आणि रणातल्या त्याच्या वर्तनाचे समर्थन करण्याचे कारण नाही. पण त्याच्या जमाखर्चाकडे पाहिले की राज्य गमावलेला धनी आश्रितांना वाऱ्यावर न सोडता आपला दरबार पैशाच्या बळावर तीन दशके जगवताना दिसतो. त्या दरबारात पुढच्या लढाईची माणसे वाढत आहेत, हे ना त्याला कळले, ना त्याच्यावर पाळत ठेवणाऱ्या कमिशनरांना.

१९/ लढायांच्या तारखा आपण पाठ करतोच. त्यासोबत तहांच्या अटीही वाचा, आणि त्यातही ‘कोणाला, किती आणि किती काळ’ हे आवर्जून पाहा. १८१८ साली ‘किती काळ’ हे स्पष्ट लिहिले गेले नाही. त्या मोकळ्या जागेचा अर्थ ३३ वर्षांनी ज्याच्या हाती सत्ता होती त्याने लावला.

(समाप्त)